३१ मार्चला माझे ६४० युनिट गेले कुठे? (घरचं सोलर, नेट मीटर आणि टॅक्स)

रोहाऊसवाली (नेरूळ)

नमस्कार मंडळी,

गेल्या ऑक्टोबरात गच्चीवर सोलर बसवलं. सिडकोचं जुनं रो हाऊस, वर सहा पॅनल, एकूण ३.२४ किलोवॅट. सासूबाईंची वाळवणाची जागा गेली म्हणून घरात आठवडाभर अबोला होता, पण ती वेगळी कथा. नेट मीटर, म्हणजे कंपनीकडून घेतलेली आणि पॅनलवरून तिला पाठवलेली वीज दोन्ही मोजणारा, ३० ऑक्टोबरला लागला. हिवाळ्यात एसी बंद, महिन्याला अडीचशे युनिट जेमतेम लागायचे आणि पॅनल पावणेचारशेच्या वर देत होते. बिलात दर महिन्याला शिल्लक वाढताना बघून एवढं बरं वाटायचं की मी ती बिलं फ्रिजवर चिकटवली होती. मार्चअखेर शिल्लक ६४०. म्हटलं, एप्रिल-मे दोन्ही बेडरूमचे एसी बिनधास्त लावू.

एप्रिलचं बिल आलं तर शिल्लक शून्य. ६४० च्या जागी गोल भोपळा. बिलही आलंय, रक्कम फार नाही, पण माझे युनिट गेले कुठे? आधी वाटलं रीडिंग चुकलं. मीटरसमोर उभी राहून आकडे सरकायची वाट पाहिली, तर इम्पोर्ट-एक्स्पोर्ट दोन्ही बिलाशी जुळतायत.

शिवाय तीन प्रश्न डोक्यात आहेत, एकदमच विचारते.

१) ७८,००० ची सबसिडी खात्यात जमा झाली. ती रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवायची का? शेजारचे काका ठामपणे हो म्हणतात. ते सगळंच ठामपणे म्हणतात.

२) उरलेल्या युनिटांचे पैसे मिळणार असतील तर त्यावर टॅक्स?

३) कोटेशन ऑगस्टमधलं. गणेश चतुर्थीला ५०,००० आगाऊ दिले, काम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झालं, बिल ८ ऑक्टोबरचं. जीएसटी लावलाय १२ आणि १८ टक्क्यांनी. तोवर सोलरचा दर कमी झाला होता ना? व्हेंडर म्हणतो आगाऊ रक्कम आधी दिलीत म्हणून जुनाच दर.

ठाणेकर_आबा

ताई, युनिट चोरीला गेले नाहीत. वर्ष संपलं.

आपल्याकडे राज्य वीज नियामक आयोगाचे छपरावरच्या सोलरचे नियम आधी २०१५ साली आले, मग डिसेंबर २०१९ मध्ये नवे आले, ते सध्याचे. त्यात हिशेबाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. वर्षभर जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात. ३१ मार्चला जी शिल्लक असेल ती वीजकंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि १ एप्रिलला पाटी कोरी. तो दर तुम्ही ज्या भावाने वीज घेता त्याच्या आसपासही नसतो. किराणावाला पोतं परत घेतो पण भाव रद्दीचा देतो, तसं समजा.

वाईट हे की वर्ष नेमकं चुकीच्या ठिकाणी तुटतं. थंडीत साठवायचं आणि उन्हाळ्यात वापरायचं, हे कुणाच्याही मनात आपसूक येतं, आणि मध्ये ३१ मार्च उभा. तुमचा मीटर ऑक्टोबरअखेर लागला म्हणजे पहिल्या वर्षात तुमच्या वाट्याला फक्त शिलकीचे पाच महिने आले, खर्चाचे आलेच नाहीत. पुढच्या वर्षी उन्हाळा आणि पावसाळा आधी येईल, त्यामुळे मार्चअखेर एवढं काही उरणार नाही.

पण थांबा, ६४० ला तुमच्या जुन्या बिलातल्या वरच्या दराने गुणून रडत बसू नका. आमच्या नौपाड्यातल्या घराचं गेली सहा वर्षं हेच चाललंय, मी वहीत लिहून ठेवतो. घरगुती बिलाचे टप्पे १००, ३००, ५०० असे आहेत. पहिल्या १०० मधला युनिट आणि ३०० च्या वरचा युनिट यांच्या दरात दुपटीहून जास्त फरक. आता बघा, मे महिन्यात तुम्हाला समजा ४७० युनिट लागले आणि पॅनलनी ४०० दिले. उरले ७०. ते ७० पहिल्या टप्प्यात, सगळे आकार आणि विद्युत शुल्क धरून सात रुपयांच्या आत-बाहेर. म्हणजे साठवलेले ६४० तुम्ही जरी वापरले असते तरी ते या स्वस्त युनिटांच्या बदल्यात गेले असते. महागडे युनिट पॅनलनी त्याच महिन्यात आधीच खाल्लेत. खरी बचत तिथे झाली, आणि ती शिलकीच्या रकान्यात कधीच दिसत नाही.

आमच्याकडे फेब्रुवारीचं बिल आलं की शिल्लक बघतो. जास्त असली तर मार्चभर गॅस बंद आणि इंडक्शन चालू. आमची ही म्हणते, तुमच्या युनिटांपायी माझ्या भाकऱ्या बिघडल्या. इंडक्शनवर भाकरी फुगत नाही हे खरं आहे.

निद्रानाश

वाचतोय. आबा, वहीचे फोटो टाका.

जमाखर्च

मी सीए आहे, ठाण्यातच बसतो. माझ्याकडे सोलरवाले पाच-सहा क्लायंट आहेत आणि सगळे हेच विचारतात, म्हणून एकदाच लिहितो.

सबसिडी. केंद्राच्या पीएम सूर्यघर या घरगुती सोलरच्या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे ७८,००० मिळतात. स्वतःच्या राहत्या घरासाठी घेतलेली ही मदत उत्पन्नात धरायची नाही. काकांच्या डोक्यात जे आहे ते बहुतेक २०१५ चं. त्या वर्षी उत्पन्नाच्या व्याख्येत सरकारी अनुदान घातलं गेलं आणि लोकांना वाटलं आता गॅसच्या सबसिडीवरही टॅक्स. तेव्हाच खुलासा झाला की व्यवसायाशी संबंध नसलेल्या घरगुती अनुदानाला हे लागू नाही. काकांपर्यंत पहिला भाग पोचला, दुसरा नाही.

व्यवसाय असेल तर चित्र वेगळं. खाली दवाखाना, वर घर असलेले एक डॉक्टर माझे क्लायंट आहेत. त्यांनी दवाखान्याच्या वाट्यापुरता सोलरवर घसारा (वस्तू झिजते म्हणून दरवर्षी मिळणारी वजावट) घेतला, दर ४० टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर त्याच्या निम्मा. पण तिथे सबसिडी किमतीतून वजा करूनच घसारा मोजायचा. पूर्ण किमतीवर घसारा आणि वर सबसिडी करमुक्त, असं दोन्हीकडून जेवता येत नाही.

बिलात युनिटाला युनिट वजा होतो ती निव्वळ बचत. घरी लावलेल्या कढीपत्त्यावर जसा टॅक्स नाही तसा यावरही नाही. ३१ मार्चच्या शिलकीचे जे पैसे मिळतात ती मात्र काटेकोर पाहिलं तर विक्री. मी क्लायंटला सांगतो, 'इतर उत्पन्न' मध्ये टाका आणि विसरा. हजार-दोन हजारांसाठी वाद कोण घालणार? त्यावर जीएसटीची धास्ती नको, विजेवर जीएसटी नाही.

आता तिसरा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला. सोलर बसवून देण्याच्या कामात ७० टक्के रक्कम मालाची आणि ३० टक्के सेवेची धरतात. सेवेवर १८ टक्के. मालावर १ ऑक्टोबर २०२१ पासून १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, ५ टक्के झाला. म्हणजे एकूण बोजा १३.८ वरून ८.९ टक्क्यांवर आला. दर बदलतो तेव्हा कुठला लावायचा याचं कलमच आहे, केंद्रीय जीएसटी कायद्याचं १४ वं. काम बदलानंतर झालं, बिलही बदलानंतरचं, फक्त पैसे आधी आले, तर बिलाची तारीख धरायची. तुमचं बिल ८ ऑक्टोबरचं. नवा दर लागतो. आगाऊ रकमेचा मुद्दा व्हेंडरच्या अंगाशी येणारा आहे.

मूळ किंमत किती होती?

रोहाऊसवाली (नेरूळ)

१,८०,००० अधिक जीएसटी २४,८४०.

जमाखर्च

मग योग्य जीएसटी १६,०२० होतो. ८,८२० जास्त घेतले. त्याच्याकडून क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा लेखी कागद, मागा. २०२५-२६ मधल्या बिलासाठी तो ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत ती त्याच्या विवरणात दाखवू शकतो, म्हणजे त्याच्या खिशातून काही जात नाही. 'आता भरून टाकला हो' असं म्हणाला तर ही तारीख सांगा. फोनवर नको, लेखी मागा.

खाडीकाठ (घणसोली)

आबांचं टप्प्यांचं गणित दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते.

गावठाणातलं तीन मजली घर. वर आम्ही, खाली दोन भाडेकरू. व्हेंडरने गच्ची बघून सांगितलं, जागा भरपूर आहे, पाच किलोवॅट घ्या, तिघांना पुरेल. मलाही पटलं, एका छपराखालची वीज ती वाटता येणारच की. बसवल्यावर कळलं, नेट मीटर ज्या ग्राहक क्रमांकाला लागतो त्याच बिलात वजावट होते. भाडेकरूंचे मीटर वेगळे, त्यांच्या बिलाला माझ्या पॅनलचा काडीचा उपयोग नाही. माझा वापर तीनशेचा, निघतात सहाशे. दर मार्चला मी वीजकंपनीला तीन-साडेतीन हजार युनिट जवळजवळ दान करतो. आणि सबसिडी तीन किलोवॅटला जेवढी तेवढीच पाचला, ७८,००० च्या पुढे एक रुपया नाही. वरचे दोन किलोवॅट पूर्ण माझ्या पैशाने.

त्यात थ्री फेज करून घेतली. सिंगल फेजला स्थिर आकार सव्वाशे-दीडशे, थ्री फेजला चारशेच्या वर. तो युनिट शून्य असले तरी द्यायचा आणि त्यावर १६ टक्के विद्युत शुल्कही. 'शून्य बिल' म्हणून जाहिरात करतात ना, माझं शून्य बिल पाचशेचं येतं.

मला सांगा, भाड्याच्या उत्पन्नातून या सोलरचा खर्च वजा करता येतो का?

जमाखर्च

नाही. घरभाड्यातून पालिकेचा मालमत्ता कर, मग ३० टक्के सरसकट वजावट आणि कर्जाचं व्याज, एवढंच. सोलर, रंग, प्लंबर सगळं त्या ३० मध्ये आलं असं धरतात.

तुम्ही इलेक्ट्रिक गाडी घ्या. मस्करी नाही करत. उरलेल्या युनिटांचं याहून चांगलं काही होणार नाही.

खाडीकाठ (घणसोली)

पोरगा हेच म्हणतो, पण त्याला गाडी हवीय, युनिटांचं त्याला काही नाही.

घोडबंदरचा_सेक्रेटरी

आमच्या सोसायटीचा अनुभव लिहितो, कारण फ्लॅटवाल्यांना वाटतं सोलर म्हणजे बंगलेवाल्यांचा शौक.

चार विंग, लिफ्ट आठ, पाण्याचे पंप, जिने, पार्किंगचे दिवे. कॉमन मीटरला महिन्याला सहा हजारांच्या आसपास युनिट. आबांनी टप्पे सांगितले ते इथे लावून बघा. कॉमन मीटरला दर घरगुतीच लागतो, पण टप्पे एका घराचेच. पहिले पाचशे युनिट अडीच दिवसांत संपतात आणि बाकी सगळा महिना सर्वांत महागड्या टप्प्यात. म्हणजे सोलरने वाचवलेला प्रत्येक युनिट सगळ्यात वरच्या भावाचा. बंगल्याला जे तीन किलोवॅटनंतर मिळणं बंद होतं ते सोसायटीला शेवटच्या पॅनलपर्यंत मिळत राहतं. उरण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे ३१ मार्चची धास्तीही नाही.

आम्ही ४० किलोवॅट केलं. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी सूर्यघरमध्ये किलोवॅटला १८,००० मिळतात, कमाल ५०० किलोवॅट. म्हणजे ७,२०,०००. अट अशी की पॅनल आणि आतले सेल दोन्ही देशी हवेत. एका सभासदाने सर्वसाधारण सभेत स्वस्त परदेशी पॅनलचं कोटेशन नाचवलं होतं. त्यात सबसिडी जाते हे लक्षात आणून दिल्यावर तासाभराने खाली बसले.

खरी लढाई पैशांची नव्हती, वॉटरप्रूफिंगची होती. वरच्या मजल्यावरचे चारही सभासद म्हणाले गच्चीला भोकं पाडलीत तर आम्ही सह्या करणार नाही. त्यांचं चूकही नव्हतं, घोडबंदरचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला माहीत आहे. शेवटी स्लॅबला ड्रिल न करता वर सिमेंटचे ठोकळे ठेवून त्यांवर सांगाडा उभा केला, वाऱ्याच्या हिशेबाने वजन वाढवून घेतलं, आणि गळती झाली तर पाच वर्षं खर्च ठेकेदाराचा असं करारात लिहून घेतलं. पहिला पावसाळा कोरडा गेला. मिनिट बुकात नोंद आहे.

दोन गोष्टी आधी कळल्या असत्या तर बरं झालं असतं. सोलरची क्षमता मंजूर भाराच्या, म्हणजे कंपनीने जोडणीला मंजूर केलेल्या किलोवॅटच्या, वर नेता येत नाही. घरगुतीला १० किलोवॅटपर्यंत २०२४ च्या दुरुस्तीने मोकळीक आहे, तांत्रिक तपासणीशिवाय अर्ज मंजूर धरतात आणि भारही कंपनीच वाढवून देते. आम्हाला मात्र आधी तपासणी, मग भार, मग सोलर, अशी रांग लागली. दुसरं, सावली. शेजारच्या प्लॉटवर काय उभं राहणार आहे ते आधी बघा.

ठाणेकर_आबा

सावलीचं विचारूच नका. आमच्या पश्चिमेला दोन मजली वाडा होता. पुनर्विकासात गेला. आता तिथे टॉवर. दुपारी साडेतीनला माझ्या गच्चीवर संध्याकाळ होते. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात रोज बारा-तेरा युनिट मिळायचे, आता नऊ. त्याला कुठला आयोग दाद देणार!

मीनल_कळवा

आमचं बैठं घर आहे, कळव्यात. कळवा-मुंब्रा भागात २०२० पासून फ्रँचायझी कंपनी बघते, पण दर आणि नेट मीटरचे नियम महावितरणचेच. हे लिहिते कारण आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटत होतं आपल्याला योजना लागूच नाही.

माझी अडचण वेगळी. वीजबिल अजून सासऱ्यांच्या नावावर. ते जाऊन सात वर्षं झाली, पण बिल भरलं जातंय म्हणून कुणी नाव बदलायचं मनावर घेतलं नाही. व्हेंडर म्हणाला काही नाही हो, चालतं. त्याने त्याच नावाने पोर्टलवर अर्ज केला. पॅनल बसले, मीटर बसला, सगळं झालं, आणि सबसिडीसाठी बँक खातं टाकायच्या वेळी गाडी अडली. अर्जदार एक, खातं दुसऱ्याचं. आता मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, नावबदल, आणि मग पुढचं. दीर पुण्याला, नणंद इंदूरला, दोघांच्या सह्या हव्यात. पॅनल वर ऊन खातायत आणि ७८,००० अधांतरी.

आणि व्हेंडरने कोटेशनमध्ये सबसिडी आधीच वजा करून किंमत दाखवली होती. आता तो म्हणतो ते पैसे तुम्ही द्या, मिळाले की तुमचेच आहेत. कर्ज काढावं लागणार. या कर्जाच्या व्याजावर आयकरात काही सूट?

रोहाऊसवाली (नेरूळ)

अगं मीनल, किती वैताग! आमचंही बिल सासूबाईंच्या नावावर होतं, पण मी आधीच बदलून घेतलं. व्हेंडरला कळकळ फक्त त्याच्या कामाची असते.

जमाखर्च

मीनलताई, कर्ज घ्यायचंच तर बँकेत सूर्यघरचं कर्ज म्हणून मागा, पर्सनल लोन म्हणून घेऊ नका. तीन किलोवॅटपर्यंत तारण लागत नाही आणि व्याज रेपो दराच्या थोडंसंच वर असतं. कार्डावर किंवा व्हेंडरच्या हप्त्यांवर घेतलंत तर त्याच्या दुप्पट जाईल.

सूट म्हणाल तर नव्या कररचनेत काहीच नाही. जुन्या रचनेत राहत्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जावर वर्षाला ३०,००० पर्यंत व्याजाची वजावट आहे. पॅनल म्हणजे दुरुस्ती म्हणायची की नवी वस्तू, यावर भांडता येईल, पण मी क्लायंटला ती वजावट घ्यायला सांगत नाही. ८०सी मध्ये सोलर नाही, कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलं असेल तर डिलीट करा.

अर्धा_इंजिनियर

जरा मुद्द्याला फाटा फोडतो. स्मार्ट मीटर आले, १ जुलै २०२५ पासून घरगुतीला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर सवलतही सुरू झाली. मग आपण दिवसा पाठवलेला युनिट स्वस्त आणि रात्री घेतलेला महाग असं होणार ना? २०१९ च्या नियमांत वेळेनुसार दर असलेल्या ग्राहकांचं लिहिलंच आहे की ज्या वेळेत पाठवलं त्याच वेळेच्या वापरातून आधी वजा करायचं आणि उरलेलं कमी मागणीच्या वेळेत टाकायचं.

ठाणेकर_आबा

ते कलम आहे, आणि गेल्या वर्षी दरवाढीच्या प्रस्तावावरच्या जनसुनावण्यांमध्ये छपरावाल्यांनी यावरूनच आरडाओरडा केला होता. माझ्याकडे नोव्हेंबरपासून नवा मीटर आहे. माझ्या बिलात आजही महिन्याचा पूर्ण एक्स्पोर्ट पूर्ण इम्पोर्टमधून वजा होतो, रात्रीचा वेगळा काढत नाहीत. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे, दर महिन्याला तो रकाना बघायचा. २०१९ चा मसुदा आला होता तेव्हा तीनशे युनिटांच्या वर नेट मीटरिंगच नको असं त्यात होतं. लोकांनी हरकती पाठवल्या म्हणून अंतिम नियमांत ते राहिलं नाही. हरकत पाठवायला एक ईमेल लागतो.

अर्धा_इंजिनियर

मी म्हणतो सरळ बॅटरी लावा आणि ३१ मार्चची कटकट संपवा.

ठाणेकर_आबा

बॅटरीवर १८ टक्के जीएसटी, आणि आठ-दहा वर्षांनी बदला. शिवाय ती रात्र भागवते, ऋतू नाही. डिसेंबरचं ऊन मेपर्यंत ठेवणारी बॅटरी घरात मावायची नाही. लाईट गेल्यावर सोलर बंद पडतं याचा त्रास असेल तर लावा. साधं नेट मीटरवालं सोलर लाईन गेली की मुद्दाम बंद होतं, खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून. हे बरेच लोक बसवल्यावर शोधतात आणि मग व्हेंडरला शिव्या घालतात.

निद्रानाश

अवांतर : पॅनलखाली कबुतरं. वसंत विहारला आमच्या गच्चीवर चार जोड्या संसार थाटून आहेत. विष्ठा पॅनलवर वाळते, एका कोपऱ्याचा डाग पुसला तर त्या दिवशी एक युनिट जास्त आलं. उपाय?

खाडीकाठ (घणसोली)

बसवतानाच चारी बाजूंनी जाळी मारून घ्यायची. आता मारायची तर आधी खाली अंडी नाहीत ना बघा. आणि पाणी सकाळी सातच्या आत मारा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. आमच्याकडे खाडीचा खारा वारा, नटबोल्ट स्टेनलेस नसतील तर दोन पावसाळ्यांत गंजतात. त्यासाठी मी वेगळे चार हजार दिले. पाच किलोवॅटच्या व्यवहारात तेवढीच एक गोष्ट शहाणपणाची केली.

रोहाऊसवाली (नेरूळ)

सगळ्यांचे आभार. चार दिवसांनी लिहितेय.

व्हेंडरला जमाखर्च यांनी सांगितलं तसं लेखी पाठवलं, कलमासकट. आधी फोन आला, "मॅडम तुम्ही सीए आहात का?" मग दुसऱ्या दिवशी त्याच्या अकाउंटंटचा. क्रेडिट नोट ८,८२० ची काल आली, पैसे सोमवारी देतो म्हणालाय. आले की सांगते.

आबांसारखी वही केली. मागच्या मेचं, पॅनल नसतानाचं बिल काढलं : ४८२ युनिट. तेव्हा तीनशेच्या वर १८२ होते. ते सगळे आता पॅनल खाणार. फ्रिजवरची शिलकीची बिलं काढली आणि हे जुनं लावलं.

शेजारच्या काकांना २०१५ च्या खुलाशाचं सांगितलं. ते म्हणाले, त्यांनाही तेच म्हणायचं होतं.

सासूबाईंनी परवा पॅनलच्या पुढच्या पट्टीत, जिथे दुपारी बारा ते तीन ऊन येतं, तिथे साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. दोन दिवसांत खडखडीत वाळल्या. पॅनलच्या पाइपांना दोरी बांधून वर जुनी साडी लावलीय, कबुतरांसाठी. साडीची सावली तिसऱ्या पॅनलच्या कोपऱ्यावर पडते. मी काही बोलले नाही.